यूपीएस असूनही कॉम्प्युटर बंद पडतो, बॅटरी बदलली तरी वर्षाच्या आत पुन्हा तेच

आमच्या घरी तीन वर्षांत तीन बॅटऱ्या गेल्या. यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर कॉम्प्युटरला थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा, एकच, साधा ६०० व्हीएचा (व्हीए हे त्याच्या ताकदीचं माप). दर जूनला ठरलेलं नाटक. मृग लागतो, पहिला मोठा पाऊस होतो, कुठेतरी तारेवर फांदी पडते, लाईट जाते आणि त्याच क्षणी कॉम्प्युटरचा पडदा काळा. मग दुकानात जायचं, हजाराच्या आसपास पैसे मोजून १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) नवी बॅटरी आणायची. तो पावसाळा सुखाचा जातो. पुढच्या मृगाला पुन्हा पहिल्यापासून.

मी घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचं काम करते. चिपळूणजवळचं आमचं गाव. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाईट जाणं इथे कुणी मोजतही नाही. हिशेबाची फाइल उघडी असताना कॉम्प्युटर धाडकन बंद पडला की काय होतं, ते ज्याने एकदा भोगलंय त्याला सांगायला नको. तिसऱ्या वर्षीच्या जूनला एका गिऱ्हाइकाची फाइल उघडेना तेव्हा ठरवलं, की आता बॅटरी आणायच्या आधी कारण शोधायचं.

कारण सापडलं. ते बॅटरीत नव्हतं आणि यूपीएसमध्येही नव्हतं. पण तिथे पोचेपर्यंत बाकीची कारणं एकेक करून बाजूला सारावी लागली, आणि तुमच्या घरचं कारण त्यांतलंच एखादं असू शकतं. म्हणून सगळं लिहिते.

आधी घड्याळ बघा

दुकानात "यूपीएस बॅकअप देत नाही" म्हटलं की समोरचा बॅटरीच काढून देतो. त्याचंही बरोबर आहे, कारण दहातल्या बऱ्याच वेळा बॅटरीच बसलेली असते. पण लाईट गेल्यापासून कॉम्प्युटर बंद पडेपर्यंत किती वेळ जातो, ही एक गोष्ट बघितली तर अर्धं निदान तिथेच होतं. त्याच क्षणी बंद पडतो, की पाच-दहा सेकंद टिकतो, की पाच-सात मिनिटं चालून मग जातो? तिन्हींची कारणं निरनिराळी आहेत.

ही चाचणी करायला लाईट जायची वाट बघू नका. सगळ्या फाइली सेव्ह करून बंद करा, बॅटरी किमान आठ तास चार्ज होऊ द्या आणि मग भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करा. पिन उपटू नका. बटणाने फक्त फेज तुटतो, अर्थिंग जोडलेलं राहतं. पिन उपटली की अर्थिंगही जातं.

कॉम्प्युटर अंगावर घेऊन चाचणी करायची भीती वाटत असेल, तर पिवळा बल्ब वापरा. एलईडी नको, तो नऊ वॅटचा. त्याने यूपीएसला काही कळणारच नाही. माळ्यावर जुना १०० वॅटचा तारेचा बल्ब असेल तर उत्तम. साध्या ऑफिसच्या कामाचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून साधारण तेवढंच खातात. बल्ब होल्डरला लावून यूपीएसवर जोडा, बोर्ड बंद करा आणि घड्याळ लावून बसा.

त्याच क्षणी बंद पडत असेल तर

सगळ्यात आधी हसू येईल अशी गोष्ट तपासा: कॉम्प्युटरची पिन यूपीएसच्या कुठल्या सॉकेटात आहे? काही यूपीएसच्या मागे चार सॉकेट असतात आणि त्यांतलं एक नुसतं सर्जपासून, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून, संरक्षण देणारं असतं, त्याला बॅटरी जोडलेलीच नसते. साफसफाई करताना पिना काढल्या, परत लावताना अदलाबदल झाली, की झालं. माझ्या मावसबहिणीकडे सहा महिने मॉनिटर बॅटरीवर आणि कॉम्प्युटर सर्जवर होता. लाईट गेली की पडदा छान चालू, त्यावर "सिग्नल नाही".

पिना बरोबर असतील तर बल्ब लावून बघा. बल्ब पण त्याच क्षणी विझला, तर बॅटरी पूर्ण गेलेली आहे, तिची तार सुटलेली आहे किंवा आतला फ्यूज उडालेला आहे. बल्ब नुसता लुकलुकला आणि पुढे दहा मिनिटं जळत राहिला, पण कॉम्प्युटर मात्र त्याच क्षणी रीस्टार्ट होतो, तर बॅटरीवर हजार रुपये घालू नका. गडबड कॉम्प्युटरच्या एसएमपीएसशी, म्हणजे त्याच्या आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याशी आहे.

घरगुती यूपीएस बहुतेक लाइन-इंटरॅक्टिव्ह जातीचे असतात. लाईट असते तोवर तीच पुढे जाते, आणि लाईट गेली की आतला रिले, म्हणजे आपोआप बदलणारा खटका, बॅटरीकडे उडी मारतो. त्या उडीला साधारण चार ते आठ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरात साठवलेल्या विजेवर तग धरायचा असतो. नवा, बरा एसएमपीएस पूर्ण लोडवरही पंधरा-सोळा मिलिसेकंद सहज धरतो. पण सहा-सात वर्षांचा, आत धूळ साचलेला, कपॅसिटर फुगलेला एसएमपीएस असेल तर तेवढाही दम उरत नाही. यूपीएस आपलं काम चोख करतो आणि शिव्या मात्र त्यालाच. अशा वेळी शेजाऱ्याचा यूपीएस लावून बघण्यापेक्षा शेजाऱ्याचा कॉम्प्युटर आपल्या यूपीएसवर लावून बघावा.

उलटंही होतं. एसएमपीएस नवा आणि महागाचा, ॲक्टिव्ह पीएफसी (वीज जास्त नीट ओढणारं सर्किट) असलेला. स्वस्तातला यूपीएस बॅटरीवर गेल्यावर गुळगुळीत साइन वेव्ह देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची वेव्ह देतो. बऱ्याच एसएमपीएसना त्याचं काही वाटत नाही, पण काही ॲक्टिव्ह पीएफसीवाले त्यावर रुसतात. यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारतो किंवा कॉम्प्युटर बंद होतो. भाच्याने गेमिंगसाठी नवा कॉम्प्युटर बांधला आणि जुना ६०० व्हीए त्याला जोडला, तेव्हा नेमकं हेच. तिथे उपाय एकच: जास्त वॅटचा, प्युअर साइन वेव्ह यूपीएस.

वॅटचं निघालंच आहे तर सांगून टाकते. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. लेबल नीट वाचलंत तर बाजूला बारीक अक्षरांत ३६० वॅट असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. खरा आकडा तो. आणि एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलंय म्हणून घाबरूही नका. तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याचा आकडा, रोज किती खातो त्याचा नव्हे. माझा कॉम्प्युटर मॉनिटरसकट शंभरच्या आसपास जातो. ज्यात मोठं ग्राफिक्स कार्ड आहे तो गेम चालू असताना तिनशेच्या पुढे सहज जाईल.

लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही नको. कागद तापवताना तो क्षणभर आठशे-हजार वॅट ओढतो. एका गिऱ्हाइकाकडे "पावती छापली की कॉम्प्युटर बंद पडतो" अशी तक्रार होती. प्रिंटर भिंतीच्या बोर्डाला लावला, तक्रार मिटली.

काही सेकंद टिकून बंद पडत असेल तर

हे खरं बॅटरीचं लक्षण. यूपीएस बॅटरीवर जातो, बीप वाजतो, तुम्ही माउसला हात लावेपर्यंत सगळं संपतं. बॅटरीत व्होल्टेज असतं पण दम नसतो.

मल्टिमीटर असेल तर बघता येईल. यूपीएस बंद करा, भिंतीवरची पिन काढा, मगच झाकण उघडा. हा क्रम चुकवू नका, आत २३० व्होल्ट असतात. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवून तिला काही तास तशीच ठेवा आणि मग मोजा. १२.८ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. साडेदहाच्याही खाली म्हणजे एखादा सेल गेलेला, तिचा नाद सोडा. पण १२.७ दिसलं म्हणून बॅटरी चांगली असं समजू नका, इथेच बरेच जण फसतात. बसलेली बॅटरीसुद्धा लोड नसताना तोऱ्यात १२.७ दाखवते. तिच्यावर गाडीचा १२ व्होल्टचा हेडलाइटचा बल्ब मिनिटभर जाळून बघा. चांगली बॅटरी बारापर्यंत उतरून तिथे थांबते. बसलेली बघता बघता दहाच्या खाली येते आणि बल्ब पिवळट होतो. आमच्या गावचा रिक्षावाला अशीच बॅटरी तपासतो, त्याच्याकडूनच शिकले.

पोट फुगलेली बॅटरी दिसली तर मोजत बसायची गरज नाही. ती काढा. आणि नवी बॅटरीही काही महिन्यांत फुगली तर यूपीएसचं चार्जिंग तपासून घ्या. भरलेल्या बॅटरीवर चार्जिंग चालू असताना साडेतेरा ते पावणेचौदा व्होल्ट असायला हवेत. साडेचौदा-पंधरा दिसत असतील तर चार्जर बॅटरीला शिजवतोय.

पाच-सात मिनिटांनी बंद पडत असेल तर

मग काही बिघडलेलंच नाही, असंही असू शकतं. १२ व्होल्ट गुणिले ७ एएच म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. शंभर वॅटला पन्नास मिनिटं, असं आपण मनात म्हणतो. पण तो ७ चा आकडा वीस तास सावकाश वापरली तर मिळणारा आहे. आपण शंभर वॅट मागतो तेव्हा बॅटरीतून दहा अँपिअर ओढले जातात, आणि इतक्या घाईत ती निम्म्याहून थोडी जास्त वीज देते. त्यात यूपीएस आपली दलाली कापून घेतो. शेवटी नव्या बॅटरीवर वीसेक मिनिटं हातात पडतात. दोनशे वॅटचा लोड असेल तर वेळ निम्मा होत नाही, निम्म्याहूनही कमी होतो. आठ-नऊ मिनिटं मिळाली तरी खूश राहा.

एवढ्या वेळात फाइल सेव्ह करायची आणि रीतसर बंद करायचं, एवढंच या यंत्राचं काम आहे. त्यावर मालिका संपवायची नाही. कुणी मोठी गाडीची बॅटरी जोडून दोन तास काढायचा सल्ला देतील. छोट्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर आणि हीट सिंक दहा-वीस मिनिटांच्या हिशेबानेच बनवलेला असतो, आणि चार्जर मोठ्या बॅटरीला पुरा पडत नाही. गंध यायला लागला की कळतं.

लाईट न जाताच टकटक होत असेल तर

यूपीएस मधूनच टक् करतो, बीप देतो, परत गप्प. संध्याकाळी सात ते नऊमध्ये जास्त. म्हणजे व्होल्टेज खाली जातंय. १७० व्होल्टला तो बॅटरी न वापरता आपल्या आपण व्होल्टेज वाढवून देतो, त्याचीच ती टक्. पण खोक्यावर लिहिलेल्या मर्यादेच्याही खाली गेलं, बऱ्याच यूपीएसवर ती १४० लिहिलेली असते, की तो बॅटरीवर जातो. हे दिवसातून पन्नास वेळा होत असेल, तर तुम्हाला न कळता बॅटरी झिजतेय. मल्टिमीटरने त्या वेळेला बोर्डावर मोजा. सगळ्या घरात कमी असेल तर वीज कंपनीचं काम. फक्त त्याच बोर्डावर कमी असेल तर सॉकेट ढिलं झालेलं आहे. काळा डाग, वितळलेलं प्लॅस्टिक बघा. विहिरीचा पंप सुरू होताना टक् होत असेल तर ते एकवेळचं, सोडून द्या.

एक सोडून देऊ नका: दिवे अचानक नेहमीपेक्षा प्रखर झाले, पंखा जोरात फिरायला लागला, तर बहुधा न्यूट्रल ढिला झाला आहे. मेन स्विच खाली करा आणि वायरमनला बोलवा. यूपीएसचं पुढे बघता येईल.

घरात मोठा इन्व्हर्टर असेल तर आणखी एक घोळ. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असा खटका असतो. नॉर्मलवर असेल तर तो बदली व्हायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. आणि इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल, तर त्याच्यामागे लावलेला छोटा यूपीएस त्याची वीज स्वीकारतच नाही. लाईट गेली असं समजून तो स्वतःच्या बॅटरीवर जातो, ती संपवतो आणि इन्व्हर्टरची दीडशे एएचची बॅटरी भरलेली असताना कॉम्प्युटर बंद पडतो. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही, पण नवऱ्याच्या मित्राच्या दुकानात हे डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या घरी काय होतं

हे सगळं एकेक करून तपासलं. पिना बरोबर. बल्बसुद्धा दोन सेकंदांत विझत होता, म्हणजे बॅटरीच बसलेली. चार्जिंगचं व्होल्टेज १३.६, अगदी बरोबर. टेबलाखाली हवा खेळती. बॅटरी घेताना तीवरची तारीख बघून घेतलेली, कारण वर्षभर दुकानात पडून राहिलेली बॅटरी नवी असली तरी नवी नसते. मग दरवर्षी मरते का?

एक धागा समोर होता आणि मी तो ओढत नव्हते. त्याच्या आदल्या पावसाळ्यात, बॅटरी नवीकोरी असताना, एक विचित्र गोष्ट लक्षात आली होती. सकाळी साडेदहाला लाईट गेली तर यूपीएस मिनिटभरही टिकायचा नाही. दुपारी चारला गेली तर वीस मिनिटं आरामात. मी म्हटलं, सकाळी व्होल्टेज वाईट असेल. काहीही. लाईटच गेल्यावर व्होल्टेजचा काय संबंध?

कारण सापडेना, म्हणून शेवटी नवी बॅटरी बसवलीच. त्याला आठवडा झाला होता. रात्री एकच्या सुमारास लेकीला ताप होता म्हणून औषध आणायला बाहेरच्या खोलीत आले, तर अंधारात टेबलाखाली हिरवा ठिपका लुकलुकत होता. यूपीएस बॅटरीवर. लाईट गेली की काय म्हणून वर बघितलं तर पंखा फिरत होता. बोर्डाकडे बघितलं. बटण बंद.

सासूबाईंचा नियम आहे: रात्री झोपायच्या आधी पंख्यांखेरीज घरातली सगळी बटणं बंद. गॅसचा कॉक, मागची कडी, मग बटणं. त्यांच्या लहानपणी शेजारच्या घरात वायरिंग जळलं होतं, तेव्हापासून. त्यात टेबलाखालचं बटणही आलं. बोर्ड बंद झाला की यूपीएसला वाटायचं लाईट गेली. कॉम्प्युटर मी बंद केलेला असायचा, पण यूपीएस नाही. तो रात्रभर रिकाम्या मॉनिटरला आणि स्पीकरला इमानेइतबारे वीज पुरवत बसायचा. लोड नसला तरी आतलं सर्किट स्वतः काही वॅट खातंच. पहाटेपर्यंत बॅटरी तळाला जायची आणि यूपीएस आपोआप बंद व्हायचा. सकाळी मी बोर्ड चालू करायचे, यूपीएस बंद दिसायचा, त्याचं बटण दाबायचे. तीन वर्षं मला वाटत होतं, की आईच रात्री यूपीएस बंद करतात.

सकाळी विचारलं, "अहो आई, रात्री तो खालचा डबा तुम्ही बंद करता ना?"

"मी कशाला हात लावू तुझ्या डब्याला? मी फक्त बोर्डाचं बटण काढते. डबा तूच बंद करून जातेस ना?"

मग बीप कसा ऐकू आला नाही? तर त्याची मखलाशीही माझीच. पहिल्या पावसाळ्यात त्या बीपने लेक दचकून उठायची, म्हणून दुरुस्तीवाल्याला सांगून मी बझरची एक तार सोडवून घेतली होती. जो ओरडून सांगत होता त्याचंच तोंड बांधून ठेवलं.

आता हिशेब बघा. यूपीएसमधली ही सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी भरलेल्या अवस्थेत पडून राहण्यासाठी बनलेली असते. अधूनमधून थोडी वापरली तर चालते. रोज तळापर्यंत उतरवायची आणि रोज भरायची, असं केलं तर साधारण दोनशे ते अडीचशे फेऱ्यांत तिची ताकद निघून जाते. जून ते फेब्रुवारी म्हणजे अडीचशे रात्री. बॅटरी जूनमध्ये मरत नव्हतीच. ती शिमग्याच्या आसपासच गेलेली असायची, पण तेव्हा लाईट जात नाही म्हणून कळायचं नाही. कळायचं मृगाला.

आणि सकाळी साडेदहाचं कोडंही सुटलं. दहाला बोर्ड चालू झाला की बॅटरी शून्यापासून भरायला लागायची. हिला पुरतं भरायला सहा-आठ तास लागतात. अर्ध्या तासात काय येणार हातात?

आता काय करते

बझरची तार परत जोडली. रात्री काम झालं की कॉम्प्युटर बंद, मग यूपीएसच्या पुढचं बटण दाबून तोही बंद, पण बोर्ड चालू. यूपीएस बंद असला तरी माझ्या यूपीएसमध्ये बॅटरी चार्ज होत राहते. तुमच्या यूपीएसमध्ये होते का ते एकदा बघून घ्या: बॅटरी थोडी उतरवा, यूपीएस बंद आणि बोर्ड चालू ठेवून रात्र जाऊ द्या, सकाळी बल्ब लावून वेळ मोजा. नसेल होत, तर यूपीएस चालूच ठेवावा लागेल. महिन्याचं थोडं बिल वाढेल, बॅटरीपेक्षा स्वस्तच.

सासूबाईंना बोर्ड चालू ठेवायला पटवणं हे मल्टिमीटरपेक्षा अवघड होतं. वायरिंग जळण्याची त्यांची भीती खोटी नाही, म्हणून आधी वायरमनकडून ते सॉकेट नवं बसवून घेतलं, एक्स्टेंशन बोर्ड काढून टाकला आणि अर्थिंग तपासून घेतलं. अर्थिंग नव्हतंच! कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, त्या मी चप्पल न घालण्यावर ढकलत होते. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की बॉडीवर शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत राहतात. करंट नगण्य असतो, पण ती अर्थिंग नसल्याची खूण.

बोर्ड कायम चालू ठेवायचा, याला एक अपवाद, आणि कोकणात तो महत्त्वाचा. वळवाच्या दिवसांत आणि पुन्हा परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की बोर्डाचं नुसतं बटण बंद करून भागत नाही, भिंतीतली पिनच काढायची. इंटरनेटची तांब्याची तार येत असेल तर तीही. जवळ पडलेल्या विजेपुढे यूपीएसचं सर्ज संरक्षण टिकत नाही. पण पिन काढण्याआधी यूपीएसचं पुढचं बटण दाबून तो बंद करा आणि आभाळ मोकळं झालं की पिन परत लावा. मे महिन्यात गावाला जाताना पिन काढून महिनाभर तसाच ठेवलात, तर निघायच्या आधी बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या आणि परतल्यावर पहिला दिवस नुसतं चार्जिंग. अर्धवट उतरलेली बॅटरी उन्हाळ्यात महिनाभर पडून राहिली की तिच्यात जो क्षार बसतो तो पुन्हा सुटत नाही. उकाड्याने तर तसंही आयुष्य घटतं; पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं धरतात. म्हणून यूपीएस टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा पश्चिमेच्या खिडकीखाली नको.

आणखी एक बारीक बदल. लाईट आल्या आल्या कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो का बघा. आमच्याकडे लाईट येते, जाते, येते, असं तीनदा झाल्याशिवाय स्थिरावत नाही, आणि कॉम्प्युटर दर वेळी अर्धा सुरू होऊन बंद पडायचा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, पॉवर परत आल्यावर काय करायचं याची एक सेटिंग असते, ती "बंद राहा" वर ठेवली. यूपीएसला यूएसबीचं पोर्ट असेल तर ते कॉम्प्युटरला जोडा. विंडोजला तो लॅपटॉपच्या बॅटरीसारखा दिसू शकतो आणि ठरावीक टक्क्यांवर हायबरनेट व्हायला, म्हणजे उघडं काम जपून बंद व्हायला, सांगता येतं. माझ्या स्वस्तातल्या डब्याला ते पोर्ट नाही. म्हणून बीप झाला की कंट्रोल-एस, मग बाकी सगळं.

बॅटरी बदलताना जुनीच्या तारांचा फोटो काढून ठेवा. लाल तार लाल टोकाला. टोकांच्या पट्ट्या दोन रुंदीच्या येतात, जुनी दुकानात नेऊन जुळवून घ्या. शेवटची तार लावताना बारीक ठिणगी उडते, ते चालतं; स्क्रू-ड्रायव्हर दोन्ही टोकांना एकदम टेकला तर ते चालत नाही. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि आम्ल असतं. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि किमतीतून थोडे पैसे कमीही करतो.

सध्याची बॅटरी गेल्या वर्षीच्या जूनमधली. डब्यावर मेडिकलची चिकटपट्टी लावून तीवर तारीख आणि वेळ लिहीत गेले: बसवली तेव्हा २१ मिनिटं, दिवाळीत २० मिनिटं, शिमग्याला १९. दर वेळी तोच शंभरचा बल्ब, म्हणून आकडे एकमेकांशी ताडता येतात. मृगाच्या आधी पुन्हा बल्ब लावणार आहे. दहाच्या खाली आलं तर पाऊस सुरू व्हायच्या आतच दुकानात जाईन. टेबलाखालच्या बटणावरही तीच चिकटपट्टी आहे, आणि तीवर सासूबाईंच्याच अक्षरात लिहिलंय: "हे सोडून".